आंबवलेल्या मक्याचा घाटा

अक्का, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुझ्यावर राग काढायचा आहे. सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची म्हणून आम्ही तुझी पोरंही अक्काच म्हणायचो. त्या गल्लीतल्या निम्म्या सुनांना तू रांधायला शिकवलंस, पण माप कधी कुणाला सांगितलं नाहीस. विचारलं की अंदाजानं, म्हणायचीस. आता तो अंदाज मी कुठून आणू? जळगावातल्या मेहरूणच्या या घरात वहिनी खाटेवर पडून आहे. भाऊ गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. दवाखान्यानं घरी पाठवलं, म्हणाले, खाईल ते द्या. ती काहीच खात नाही. पाण्याचा चमचा ओठाला लावला तरी मान वळवते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून येते.

तिनं अन्न सोडण्याची ही दुसरी वेळ. पहिली तू निभावलीस. शिकायला रोमानियाला गेलेला भाऊ तिकडची बायको घेऊन देवपुरातल्या आपल्या घरी आला, आणि वर्षभरात तिचं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. वरण-भात, खिचडी, काहीही दिलं की ताट सरकवायची. एका दुपारी तू तिच्या उशाशी बसून हातवारे करून विचारलंस, तुमच्याकडे काय खातात? ती उठून बसली. समोर पातेलं असल्यासारखं दोन्ही हातांनी ढवळू लागली, मग ते पालथं घातलं आणि दोरा ताणून कापलं. मामालिगा, म्हणाली. मक्याचं असतं, एवढं भाऊनं सांगितलं. म्हणजे घाटाच की, म्हणत तू उठलीस.

तुला घाटा ठाऊक होता तो बिबड्यांचा. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे ते पापड घालायचे तर ज्वारी आंबट वास येईपर्यंत भिजवायची, मग जाडसर दळून शिजवायची. तू मकाही तसाच भिजत घातलास. शिजताना वास सुटला तसा भाऊ ओट्यापाशी आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. तिकडे कोरडं पीठ सरळ उकळत्या पाण्यात टाकतात, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि तू विचारलं नव्हतंस. तरी तू पदरानं पातेलं धरून घोटत राहिलीस. घाटा पोळपाटावर पालथा घातलास, गोधडीच्या दोऱ्यानं कापलास आणि तिच्यापुढे ठेवून म्हणालीस, "खाई ले, माय. तुनी मायना हातना नही शे, पन घाटाच शे."

तिनं घास घेतला आणि रडत रडत चावत राहिली. तिच्या माहेरी त्यावर आंबट दूध ओततात, हे आम्हाला फार पुढे कळलं. ताट पुसून तिनं आणखी मागत ते तुझ्यापुढे धरलं आणि तिच्या तोंडून आपल्या बोलीतला पहिला शब्द आला, "आखो दे, अक्का." पुढे ती शिकली ती तुझीच अहिराणी. मी जळगावात ती बोलायला लाजायचे, आणि ही बाई भर बाजारात बिनधास्त बोलायची.

या आठवड्यात मी ते मामालिगा दोनदा केलं. गिरणीतून कोरडं पीठ आणलं, पाणी उकळलं, सगळं भाऊ सांगायचा तसं रीतसर, दोऱ्यासकट. पहिल्यांदा तिनं जीभ लावून डोळे मिटले. आज सकाळी पुन्हा भरवलं तर हळूच म्हणाली, "आंबट नही शे." तिला तुझाच घाटा हवाय, अक्का. मका आता भिजत घातलाय, पण तो कुणासाठी घाईनं आंबत नाही, आणि घरी तपासायला येणारे डॉक्टर माझ्याकडे बघायचं टाळतात. दही घालून फसवावं असंही मनात आलं, पण तिची जीभ फसायची नाही. दर थोड्या वेळानं झाकण काढून वास घेते. अजून नुसता मक्याचाच वास येतोय. मला भीती वाटते, अक्का. फार भीती वाटते.

मघाशी तिनं विचारलं, "अक्का कोठे शे?" तुझ्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं होतं, तरी विचारलं. मी म्हणाले, ओट्याशी आहे, तुझ्यासाठी मका भिजत घातलाय तिनं. तेव्हा तिनं चमचाभर पाणी घेतलं. खोटं बोलले, अक्का. आता मका आंबेपर्यंत तुला ओट्याशीच थांबावं लागेल.