वहीत न लावलेला फोटो

नंदाखाल,
९ फेब्रुवारी २०२५

जितूदादा,

नमस्कार. माझं पत्र बघून दचकशील. फोनवर तू मध्येच तोडतोस, मग माझा धीर सुटतो. शेजारचा हिलरी उद्या नाशिकला येतोय, त्याच्या हाती देते. वहिनी, मुलं बरी असतील. इकडे केळी बरी आहेत.

श्रावणात बाबांना झटका आला तेव्हा मी मेसेज केला होता, 'वाचा गेली, तू येऊन उपयोग नाही.' ते खोटं होतं. वाक्यं गेली होती, शब्द होते. चहा हवा असला की 'कप... गरम'. वसईहून पूर्वी मॅडम बोलायला शिकवायला यायच्या. चित्र दाखवायच्या, बाई मुलाला भरवतेय. बाबा म्हणायचे, 'बाई... मुलगा... भात.' कोण कोणाला भरवतंय, ते काही केल्या जुळायचं नाही. मग कपाळावर मारून घ्यायचे. ज्यांच्यापुढे केळ्यांच्या व्यापाऱ्यांची बोलती बंद व्हायची, ते आपले बाबा!

मॅडमनी घरच्यांच्या फोटोंची वही करायला सांगितली. रोज नावं म्हणून घ्यायची. मी वही केली आणि तुझा फोटो लावला नाही. बाबा शेवटचं पान उलटून हात आपटायचे, 'एक... नाही... एक!' मॅडमनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, आकडे विसरलेत.

का केलं, ऐक. वाडी विकण्यावरून भांडून तू निघून गेलास. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. आणि त्यांच्या तोंडी सदा जितू, जितू! माझं नाव एकदाही आलं नाही रे. मला 'बाई' म्हणायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

परवा दुसरा झटका आला. आता एकही शब्द नाही. काल तुझा फोटो समोर धरला, तर भिंतीकडे बघावं तसे बघत राहिले. आठवडा काढला तरी खूप, असं डॉक्टर म्हणाले.

तू ये. शिव्या घाल, थोबाडीत मार, पण ये.

सहा महिने ते रोज तुला निरोप देत होते आणि मी तो अडवून धरला. एरवी त्यांचं बोलणं मीच पुरं करायचे. हे करत नाही, जसंच्या तसं देते:

'जितू... घर... ताट.'

बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
स्वप्ना