धुराविरुद्ध अकरा भाषणं

१६ मार्च

फज्जा! आयुष्यातला सर्वांत रंगलेला फज्जा!

जिल्हा प्रशासनाने स्वच्छ हवेचा आराखडा केलाय. त्यात एक कलम – भाजावळ कमी करणे. भाताची रोपं टाकायची जमीन भाजायला आपण तोडलेल्या फांद्यांचं कवळं, सुक्या पानांचा पातेरा, शेण पेटवतो आणि सगळं खोरं महिनाभर खोकत बसतं. गावोगाव पटवून द्यायला वक्ता हवा होता. माझ्याशिवाय दुसरा कोण? दहा गावं गाजवली. आज अकरावं, आमचंच!

लंडनचं काळं धुकं काढलं, रोमच्या चुली काढल्या. "जो धूर करतो, तो आपल्याच नातवंडांच्या छातीत सरण रचतो!" म्हणालो आणि मूठ आपटली. टाळ्यांऐवजी हशा. वळून पाहतो तर टेकाडावर पांढरा लोट! शेजारचा रावजी ओरडला, "गुरुजी, तो तुमच्याच दादांचा!"

१७ मार्च

सकाळीच भिकाजीदादाकडे गेलो. भांडायला.

"न भाजलेल्या जमनीत भाताआधी तन येतंय. तुज्या भासनान तन मरनार हाय काय?"

मी पुस्तकातले चार दाखले दिले. दादा विडी ओढत राहिला. मथुरावहिनी चहा ठेवून म्हणाल्या, "तुमी दोगे भांडा. मी धुरात गुदमरते नि भावोजींच्या बडबडीतय!"

२१ मार्च

कृषी सहायक तेजस्वी आली. आठ पानी टिपण घेऊन मी तिच्याबरोबर दादाकडे निघालो. वाटेत म्हणते, "गुरुजी, आज तुम्ही बोलू नका." मला!

तिने दादाला एवढंच विचारलं, "दादा, तण आधी कुठलं येतं?"

दादा दीड तास बोलला. साठ वर्षांत मी त्याच्या तोंडून एवढे शब्द ऐकले नव्हते. कुठल्या कोपऱ्यात काय उगवतं, कशाची मुळी किती खोल – सगळं पाठ. ती लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, पातेरा खड्ड्यात कुजवू, जमीन भिजवून वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरू. उन्हाच्या वाफेने तणाचं बी मरतं. प्लॅस्टिक सरकार देईल.

"आनि फसला तर खायचा काय? तुमचा आराखडा?"

 दादाचा एक वाफा भाजून झालाय, दुसरा उरलाय. त्याच्याकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "हा घे तुला." रोपं बिघडली तर त्याची अर्धी शेती यंदा पडीक.

३ मे

प्लॅस्टिकखाली हात घातला. चटका! रावजी येता-जाता विचारतो, "दादा, जमनीला आत्ताच रेनकोट?"

२० जून

पेरून दहा दिवस झाले. दादा दिवसातून चारदा वाफ्यावर. मीही जातो, तो नसताना. आज दोघं एकाच वेळी पोचलो! त्याने विचारलं, "तू काय करतंस हितं?" "फिरायला आलो," म्हणालो – गुडघाभर चिखलात!

हिरवं तर दिसतंय. पण भात की गवत, अजून कळत नाही. झोप नाही.

५ जुलै

भात!!

दोन वाफे शेजारी शेजारी. उंचीला सारखेच. भाजलेल्यात तण थोडं, न भाजलेल्यातही थोडंच. दादाने एक मूठ उपटली, मुळं पाण्यात धुतली, निरखली.  वहिनींना हाक मारून म्हणाला, "लावणीची मानसं सांग. पुऱ्या शेताला."

रावजी कुंपणावर वाकून बघत होता. "दादा, ता प्लॅस्टिक कुठं मिळतंय?"

मी तोंड उघडलं. पण दादा आधीच सुरू झाला होता.

१३ जुलै

कृषी कार्यालयाचं पत्र आलं. पुढल्या आठवड्यात गुहागरला शेतकरी मेळावा. प्रमुख वक्ते – श्री. भिकाजी. आभारप्रदर्शन – मी. दोन मिनिटं!

वर दादा म्हणतो, "हरी, लांबवू नको हां."