अप्पांची सक्तीची विश्रांती

पुणे, ता. ४ फेब्रुवारी १९७२

ती. स्व. काकांस नीलांबरीचा सा. नमस्कार वि. वि.

अप्पांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तुमच्यासारखा सख्खा भाऊच गावचा डॉक्टर होता, म्हणून ते वाचले. पण त्यांना सहा आठवडे अंथरुणात उठूनही बसू न देणे मला पटत नाही. आमच्या मेडिकल कॉलेजात विलायती मासिके येतात. त्यांत नवे अभ्यास आहेत. झटका सौम्य असेल तर लवकर खुर्चीत बसवलेले रोगी काही जास्त दगावले नाहीत. शिकाऊ पुतणीचे एवढे ऐका. आईला नमस्कार.

आपली,
नीलांबरी

तिसगाव, ता. १० फेब्रुवारी

चि. नीलांबरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉक्टरीणबाई, पत्र पोचले. तुझ्या मासिकवाल्यांनी तुझ्या अप्पांची, आमच्या शामकांतची नाडी पाहिलेली नाही. सहा आठवडे अंथरूण हे मला माझ्या गुरूंनी शिकवले आणि माझे रोगी चालत घरी गेले. एखाद्या परक्यावर तुझे म्हणणे करून पाहिलेही असते, सख्ख्या भावावर धीर होत नाही. त्याची डावी पोटरी दुखते, जरा सुजली आहे. पडून पडून अंग आंबले, दुसरे काही नाही. तुझी आई कोमट तेल चोळते, त्याने त्याला बरे वाटते. वेळेवर जेवत जा. मासिकांतून उरेल तेवढा लोभ आमच्यावरही असू दे.

तुझा काका,
नृसिंह

तिसगाव, ता. ३ मार्च

चि. नीलांबरीस आशीर्वाद.

तेरावा होईपर्यंत तू घरात होतीस, पण माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून लिहितो. शामच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली. अंथरुणाने गुठळी झाली आणि चोळण्याने सुटली, हेच मनात येत राहते. तुझ्या मासिकांत काय आहे ते सांग. मी त्याला बसवले असते तर तो वाचला असता का?

नृसिंह

पुणे, ता. ९ मार्च

ती. स्व. काकांस सा. नमस्कार.

पत्र वाचून खूप रडले. लवकर उठवलेल्यांतही काही गेले आणि पडून राहिलेले पुष्कळ वाचले. मासिकात शेकडो रोग्यांचा हिशेब असतो, त्यात आपले अप्पा नाहीत. त्यामुळे मला तुमच्यावर धड रागावता येत नाही आणि माफही करता येत नाही. पुढच्या रोग्याला मात्र उठवून बसवा आणि सुजलेली पोटरी कोणाला चोळू देऊ नका.

आईने लिहिले आहे की शेवटच्या सकाळीही तिने अप्पांचा पाय चोळला, आता बरं वाटतं असे ते म्हणाले. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते. तिला तेवढाच आधार आहे. ती सांगत असताना तुम्ही उठून जाऊ नका, काका. नुसते हो म्हणा.

लोभ तुटलेला नाही.

नीलांबरी