थालरवरचं खरं नाक

३ मार्च १६८९

ड्यूक महाराजांनी अंथरूण धरल्याला आज अकरावा दिवस. दिवाणांचा निरोप — "ग्रुंडमान, अंत्यविधीचा थालर तयार ठेवा." म्हणजे चांदीचं स्मारक-नाणं: एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला जन्म, मृत्यू, वय. मृत्यूची जागा तूर्त कोरी. ही इथली रीत. नवा ड्यूक टाकसाळीवर आपला माणूस आणतो, हीसुद्धा रीतच! कोळसेवाल्याचा पोर मी, भाता ओढत टाकसाळीचा प्रमुख झालो. आता माझी खुर्ची महाराजांच्या श्वासावर.

५ मार्च

आमचा कारागीर योस्ट नाण्याचा ठसा कोरायला बसला. विचारतो, "मालक, नाक कुठलं घालू? नेहमीचं, की खरं?" वीस वर्षं आम्ही महाराजांना सरळ, देखणं नाक देत आलो. खरं नाक म्हणजे सलगमचा गड्डा!

म्हटलं, "खरंच कोर बाबा. आता रागवायला कोण उठतंय!"

९ मार्च

उठले! सकाळी बिअरचं सार प्यायले, वर दोन सॉसेज. मी अंगणात टोपी उडवली. संध्याकाळी दिवाण हसत सांगतात, "तुमच्या थालरचं बोललो त्यांच्याशी. उद्या घेऊन या म्हणालेत."

बोललात कशाला!

१० मार्च

गेलो. महाराजांनी नमुना खिडकीपाशी नेला. बघतायत, बघतायत. मी मनातल्या मनात बाडबिस्तरा बांधला. त्यांच्या बहिणीने खांद्यावरून डोकावलं, भावाचं घरचं नाव घेत म्हणाली — "अगोबाई, हा तर आपला फ्रिट्झ!"

महाराज माझ्याकडे वळले — "मग वीस वर्षं नाण्यावर होता तो कोण, ग्रुंडमान?"

"महाराज, तो… आमच्या पोटापाण्याचा."

हसता हसता खोकल्याची उबळ आली त्यांना. मग हुकूम — मृत्यूचा मजकूर काढा, यापुढे सगळे थालर ह्याच नाकाचे. आणि टाकसाळ माझ्याकडेच!

११ मार्च

योस्टला बिअरचं पिंप. अख्खं.

२ एप्रिल

निडरबाखच्या जत्रेत दोन डुकरं घेतली, नवे करकरीत थालर मोजले. डुकरंवाल्या बाईने एक उलटापालटा करून बघितला, दाताने चावला. "हा कोण? आमचे ड्यूक किती देखणे! खोटी नाणी पाडतोस होय रे शहाण्या?" गर्दी जमली. सध्या मुक्काम गावच्या कोठडीत. दाराबाहेर उकळत्या तेलाच्या कढईची चर्चा चालू आहे — खोटी नाणी पाडणाऱ्याला शिक्षा तीच.

३ एप्रिल

काळजी मिटली — महाराज स्वतः घोड्यावरून मला सोडवायला निघालेत!

पण त्यांना इथे ओळखणार कोण?