चौथी फरशी

२ जून २०२५, सोमवार. सांगली
आज तीन चड्ड्या, एक चादर आणि माझी साडी. सगळं दोरीवर आहे, वाळत काहीच नाही.

भार्गवी अडीच वर्षांची झाली. सोळा तारखेला तिची नर्सरी सुरू होते आणि तिथे डायपर चालत नाही. मयूरी बँकेत, अवधूतराव हळदीच्या पेढीवर. दिवसभर शिकवणार कोण? म्हणून मला साताऱ्याहून बोलावलं. "आई, तेवढं तिला शिकवून दे, मग जा." लेकीचं घर आहे, कारणाशिवाय किती दिवस राहणार? कारण मिळालं आणि मी पिशवी भरली. घराला कुलूप लावताना वाईट वाटलं नाही, हे फक्त इथे लिहिते.

४ जून
माझ्या पद्धतीनं सुरू केलंय. बाथरूममध्ये पाटावर बसायचं, पाय पुढे सोडायचे, दोन्ही पावलांवर मूल बसवायचं आणि शूऽऽ करायचं. मयूरीला असंच शिकवलं. भार्गवी माझे गुडघे घट्ट धरून बसते. कितीतरी दिवसांनी कुणी मला इतकं घट्ट धरलं.

७ जून
नर्सरीनं पालकांना पुस्तिका दिली आहे, ती मयूरीनं माझ्यासमोर ठेवली. इंग्रजीत. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं वाचन माझं मीच केलं. मराठी पुस्तक हातात आलं की सोडत नाही. इंग्रजी येत नाही. वाचून दाखव म्हणावं असं वाटलं, म्हणाले नाही. पोर कशी बसवायची हे मला काय पुस्तकातून शिकायचंय?

११ जून
दिवसभर कोरडी!
अवधूतराव म्हणाले, "आई, तुम्ही आता क्लासच काढा. माधवनगरपर्यंतच्या आया रांगा लावतील."
हसलो सगळे. मग मयूरीनं सहज विचारलं, "परतीचं कधीचं बघू?"

१६ जून
अकरा वाजता नर्सरीतून फोन. मयूरी बँकेतून आली, मी रिक्षानं गेले. भार्गवीनं तीन तास धरून ठेवलं आणि मग खेळण्यांच्या कोपऱ्यात सोडलं.

तिथे मुलांचं बघायला राहीबाई आहेत. म्हणाल्या, "आवं आजी, भांड्यावर बसवाय गेले तर पोर माझी चप्पल वडाय लागली. पाय पसर म्हनती! आमी बारा पोरं सांभाळतो, कुनाकुनाला पायावर घ्यायचं?"

रेश्मा टीचर शांतपणे बोलल्या. "पॉटीच्या भांड्याची सवय घरीच करा असं पुस्तिकेत दिलंय. आठवडाभर बघू. नाहीच जमलं तर दिवाळीनंतर आणा."

मयूरीनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

दिवाळीनंतर. म्हणजे चार महिने मी इथेच. मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी बरंच वाटलं. पण निघताना भार्गवी पृथ्वीराज नावाच्या एका मुलाचा हात सोडेना. रिक्षात घरापर्यंत रडली. घरी तिच्याशी बोलायला मी आणि टीव्ही.

रिक्षात मयूरी म्हणाली, "चूक माझी. वाचून दाखवायला हवं होतं." त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं.

१७ जून
भांडं आणलं. बघूनच रडायला लागली. मग मी पाटावर बसले, भांडं माझ्या दोन पावलांच्या मध्ये ठेवलं. तिनं आधी माझ्या पायांवर पाय ठेवले, मग बसली. झालं.

१८ जून
आज मी एक फरशी मागे सरकले. ती सारखी विचारते, "आजी, आहेश?" "आहे."

हेही असंच विचारायचे. अर्धांगानंतर चौदा महिने. आत मला येऊ द्यायचे नाहीत, लाजायचे. मी दाराबाहेर उभी. "आहेस ना?" "आहे." मिनिटाला एकदा. एकदा मी उत्तर दिलं नाही, कुकरपाशी होते, कंटाळले होते. तर भिंत धरत तसेच बाहेर आले. लेंगा अर्धा हातात. मला बघितलं आणि म्हणाले, "मला वाटलं गेलीस."

गेले ते. मागच्या वर्षी, श्रावणात.

१९ जून
दुसरी फरशी, संध्याकाळी तिसरी. "आहेश?" "आहे."

२० जून
चौथी फरशी. पाट आता उंबऱ्याला टेकला. इथून मागे म्हणजे दाराबाहेर. राहीबाईंचा निरोप मयूरीनं सांगितला. पोर भांड्यावर बसली, पण त्यांना दारात उभं केलं.

२१ जून, शनिवार
अजून चौथ्याच फरशीवर. भार्गवी बसून गाणं म्हणत होती. विचारलंच नाही. मीच म्हणाले, "मी आहे हं." तिनं मान वर केली नाही.
मयूरीनं विचारलं, "जमलं का गं?"
"थोडं राहिलंय," म्हणाले.
काही राहिलेलं नाही.

२२ जून
चौथी फरशी.

२३ जून, सोमवार
सकाळी ती भांड्यापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "आजी, तू बाहेर." मी पाट उचलला. तिनं आतून दार लोटलं. मी बाहेर उभी राहिले, हाक येईल म्हणून. आली नाही.

मयूरीला सांगितलं, जमलं. शनिवारीच जमलं होतं, हेही सांगितलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "राहा की अजून दोन दिवस."
दोन दिवस.
दुपारी टीचरांचा फोन, भार्गवीची जागा पक्की.

२६ जून, सातारा
घर झाडलं. आमच्या बाथरूमचं दार अजून अर्धं उघडंच असतं. ह्यांचा आवाज यायला हवा म्हणून तेव्हा मी ठेवायचे, तसंच राहिलंय.

२८ जून
मयूरीचा फोन. भार्गवी दार लोटून बसते. आतून विचारते, "आहेश?" आणि आपणच म्हणते, "आहे."
फोन ठेवला. बाथरूमच्या दारापाशी गेले. मोठ्यानं विचारलं, आहात ना?
मग मीच म्हणाले, आहे.
दार लावून घेतलं.