प्रत्येक कडीला एक थेंब

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे आठांपैकी पाचच अंगांनी घालतो आहे, उरलेली तीन पोचली असं समजावं.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, प्रत्यक्षात काय आहे ते खाली येईलच. तुमचे गुडघे कसे आहेत? अकराव्या मजल्यावर लिफ्ट असल्यामुळे गुडघ्यांना कामच उरलेलं नाही, असं तुमच्या चिरंजीवांनी कळवलं होतं. झोप लागते का? जेवण जातं का? चौकशी संपली, आता मुद्द्यावर येतो.

तुमचं कार्ड मिळालं. चार महिन्यांनी आलेल्या त्या कार्डावर एकूण दोन वाक्यं होती. 'मी ठीक. चेन कशी चालली आहे?' दादा, मी तुमच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे. एकतीस वर्षं आपला घरोबा आहे. तुमच्या भाचीला मुलगी झाली, तुमची बहीण तीन महिने तिच्याकडे जाऊन राहिली, माझी कमर गेली, आणि तुम्ही चौकशी करता सायकलच्या चेनची! ठीक आहे. विचारलंच आहे तर ऐका. तुमच्या एका ओळीच्या प्रश्नाचं उत्तर मी पाणीखात्याच्या पाच पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे, आणि सहावा जवळ ठेवला आहे.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, पण चिडलेल्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. रोज सायकलवरून फिरून पाण्याचे मीटर वाचायचे, आकडे वहीत घ्यायचे आणि निघायच्या आधी सकाळी ऑफिसात हजेरी लावायची. हजेरीच्या दारात आमचे साहेब उभे असतात. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल, सगळं खातं त्यांना 'साडेनऊ' म्हणतं. त्यांचा नियम असा की तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला तर माणूस फेरीवरून उतरवून तक्रारखिडकीत बसवायचा. आता हसू नका, पण मला माझी फेरी आवडते. कुठल्या जिन्याखाली दिवा लागत नाही, कुठल्या फाटकाचा कुत्रा नुसताच भुंकतो, कुठली म्हातारी मीटरवरचं झाकण माझ्यासाठी आधीच पुसून ठेवते, हे सगळं अठ्ठावीस वर्षांत माझं झालेलं आहे. त्या खिडकीत बसायचं म्हणजे दीड फूट रुंद चौकटीतून लोकांची तोंडं बघत निवृत्त व्हायचं. माझ्यासाठी पणाला लागलं होतं ते एवढं, आणि ते सगळं तुमच्या चेनवर लटकलेलं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी सायकलचं दुकान बंद करून तुम्ही मुलाकडे गेलात. (त्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. रंगीत आहेत. मी तिकडून जाताना मान वळवतो.) जायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्या सायकलला नवी चेन घातलीत, हात पुसलेत आणि म्हणालात, "नीट ठेवलीत तर पाच वर्षं बघायला नको." वर एक चिठ्ठी लिहून बहिणीकडे दिलीत. ती तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, तुमच्या तेलकट अंगठ्यासकट. पुढे लेकीच्या बाळंतपणाला जाताना पिशव्या उचलत ती मला म्हणाली, "दादाची चिठ्ठी आहे, त्याप्रमाणे करा. स्वतःची अक्कल चालवू नका." मी चालवली नाही. याला साक्षीदार आहेत.

चिठ्ठीत तीन कलमं होती. एक, चेन भिजली तर लगेच पुसणे. पुसली. दोन, ताण अर्धा इंच, जास्त घट्ट नको. पट्टी लावून मोजला. तीन, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कडीला एक थेंब तेल, मग कोरड्या फडक्याने पुसणे. हे तिसरं कलम मला जरा आडवळणाचं वाटलं हे कबूल करतो. पण आमच्या पुढच्या दाराच्या कडीवर तुमचा किती राग होता ते मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. दर रविवारी सकाळी तुम्ही यायचात, ती कडी कर्रर्र करायची आणि तुम्ही आत पाऊल टाकायच्या आधी नाक मुरडायचात. तेव्हा जाता जाता माणसाने बहिणीच्या घराची काळजी लिहून ठेवली, असं मनात येऊन मला भरूनही आलं होतं. घरात मोजून अकरा कड्या निघाल्या. पुढचं दार, मागचं दार, न्हाणीघर, माळा, दोन कपाटं, उरलेल्या खिडक्यांच्या. डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर घेतला, स्टूल घेतलं आणि रविवाराआड रविवार प्रत्येकीला एक थेंब दिला. अकरा कड्या, अकरा थेंब. नेमाने.

बहीण लेकीकडे गेल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात तुमची पाच वर्षांची चेन टेकडीच्या चढावर तुटली. आधी पंधरा दिवस ती कण्हत होती, पण माझीही कमर तेव्हाच कण्हायला लागल्यामुळे आवाज नेमका कोणाचा हे कळलं नाही. पायाखालचं पेडल एकदम रिकामं फिरलं आणि नडगीवर असं बसलं की डोळ्यांपुढे आकडेच आकडे आले. सायकल ढकलत ऑफिसात पोचलो. उशीर पहिला.

मग मी चेन विकत घ्यायला निघालो. दादा, तुमचं दुकान असताना चेन विकत घ्यावी लागते हेच मला माहीत नव्हतं. ती सायकलला असायची, बस्स! बसथांब्यासमोर एक झगमगीत दुकान आहे, तिथला विक्रेता सारखा हसतो म्हणून आपण त्याला हसरा म्हणू. हसऱ्याने चांदीसारखी चकचकीत चेन काढली आणि म्हणाला, लाइफटाइम आहे. मी विचारलं, कोणाचा? तो हसला. ती चार आठवड्यांत गेली, आणि गेली तेव्हा गेरूने रंगवल्यासारखी तांबडी होती. मी तिला पिशवीत घालून त्याच्या काउंटरवर ओतली. त्याने विचारलं, तेल दिलं होतं का? मी म्हटलं, तेलाचं मला शिकवू नका, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कडीला एक थेंब, असे मोजून अकरा थेंब देतो, तज्ज्ञ माणसाची लेखी सूचना आहे. तो हसणं थांबवून म्हणाला, "अकरा कमी पडले असतील, काका." मी म्हटलं, माझ्या घरात किती कड्या आहेत ते मला ठाऊक आहे. यावर तो आत गेला तो बाहेर आलाच नाही.

दुसरी चेन त्याच दुकानातली सगळ्यात भारी घेतली, त्याच्या जोडीदाराकडून. भारी म्हणजे टिकाऊ, असा माझा समज. ती निघाली गिअरच्या सायकलची, अंगाने बारीक. माझ्या सायकलचे दाते रुंद. त्यात ती बसेना, दात्यांच्या डोक्यावरूनच चालायची आणि मनात आलं की घसरून मातीत पडायची. दोन दिवसांत तिने राम म्हटला. उशीर दुसरा. या ठिकाणी कोणीतरी मला सांगायला हवं होतं की चेन घेताना आधी रुंदी बघायची, चकाकी नंतर. सांगणारा माणूस अकराव्या मजल्यावर.

तिसरी मी शहाणपणाने घेतली. जुनी चेन घेऊन गेलो, रुंदी जुळवली, कड्याही मोजून घेतल्या... थांबा, तिथे माझ्या कानावरून काय शब्द गेला होता हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. दुकानदार म्हणाला 'कड्या एकशेबारा', आणि मी त्याच्याशी मान हलवून सहमत झालो होतो. त्या क्षणी डोक्यात काहीच कसं पेटलं नाही? असो. ही चेन अस्सल होती, पण पेडल दाबलं की खटकन उडायची. चार पेडलं सरळ, पाचव्याला खटक. मी सबंध रस्ता उचक्या लागल्यासारखा गेलो आणि नऊ वाजून चौतीस मिनिटांनी पोचलो. साहेब दारात होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे बोट केलं. उशीर तिसरा.

खिडकीतली माझी पहिली तक्रारदार एक बाई. तक्रार अशी की या महिन्यात मीटर वाचायला कोणी फिरकलंच नाही. तो न फिरकलेला माणूस मीच. मी स्वतःच्या हस्ताक्षरात स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवली, तिला पोच दिली आणि खेद व्यक्त केला. बाई म्हणाल्या, आधीचे गृहस्थ निदान वेळेवर यायचे हो. दादा, मी तुमच्यावर इतका कधीच चिडलो नव्हतो.

त्याच आठवड्यात तुमची बहीण परत आली. ती आली तेव्हा मी न्हाणीघरात होतो, डोक्याला साबण. बाहेरच्या खोलीत खालच्या मजल्यावरचे निवृत्त नकाशेवाले माझी वाट बघत बसले होते. तिने पुढचं दार नुसतं ढकललं आणि ते उघडलं, कारण आतून वर सारलेली कडी तेलामुळे आपल्या वजनानेच खाली सरकत होती. त्या वाऱ्याने न्हाणीघराचं दारही उघडलं, त्याची कडीही त्याच तेलात वाढलेली. नकाशेवाल्यांनी डोळ्यांपुढे वर्तमानपत्र धरलं, ही त्यांची सज्जनता. तुमच्या बहिणीने पिशव्या खाली ठेवल्या, पुढच्या कडीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं भोवळ आली. हसत होती. "अहो, चेनची कडी," ती एवढंच म्हणू शकली. "चेनची."

आता मला सांगा, चूक कोणाची? चेनला कडी, दाराला कडी, आणि लिहिणारा माणूस खुशाल नुसतं 'कडी' लिहून निघून जातो. बरं, साखळी म्हणावं तर तीही दाराला असते. मी तिला म्हटलं, दादांनी सरळ 'दुवा' लिहायचं होतं, 'प्रत्येक दुव्याला एक थेंब'. तर म्हणाली, "दादाने दुवा लिहिलं असतं तर तुम्ही दर पंधरा दिवसांनी आशीर्वाद मागत फिरला असता." तुमच्या घराण्यात हा गुण कुठून आला ते मला माहीत आहे.

मग तिने पदर खोचला. माळ्यावरून तुमचा पत्र्याचा डबा काढला, ज्यात मी इतकी वर्षं खिळे आहेत असं समजत होतो. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन चेन आणि एक नवं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र. जुन्याचे दाते तिने मला दाखवले, सुरीसारखे टोकदार झालेले. कोरड्या चेननी दाते खाल्ले, आणि झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उडणारच, असं ती तुमच्याच आवाजात म्हणाली. पाऊण तासात फ्रीव्हील आणि एक चेन बसवली, चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकचं बंद तोंड चाकाच्या चालीकडे आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि आतल्या बाजूने कडीकडीला थेंब सोडत गेली. एकशेबारा. दुसरी चेन परत डब्यात. दोन्ही महिन्याआड आळीपाळीने घालायच्या म्हणजे सगळंच हळू झिजतं. तिचे हात इतके सरावलेले होते की मी विचारलं. तर तुम्ही गेल्यापासून दर पंधरा दिवसांनी हेच चाललं होतं, मी पुढच्या खोलीत पेपर वाचत असताना. तुमची चेन अकरा महिने गुणाने चालली ती चेनच्या गुणाने नव्हे. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला नाही, याचाही मला राग आहे.

माझ्या भागातले मीटर वाचायला दुसरं कोणी मिळेना म्हणून सोमवारपासून मी परत फेरीवर आहे. रोज नऊ वीसला दारात. साहेबांनी पुन्हा एकदा उशीर झाल्यास कायमची खिडकी असं बजावलं आहे, पण चेनचा आवाजच येत नाही. तेव्हा, चेन उत्तम चालली आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं.

राग बराच आहे, लोभही आहे. एकातून दुसरा वजा करून जे उरेल ते आपलं समजावं.

तुमच्या बहिणीचा नवरा
(सध्या वेळेवर)

ता. क. पत्र बंद करताना तुमच्या चिरंजीवांचा फोन आला. तुम्ही मिक्सर दोनदा खोलून जोडलात म्हणे, आणि दुपारभर खिडकीत उभं राहून खालून जाणाऱ्या सायकली मोजता. जेवण निम्म्यावर आलं आहे हेही कळलं. 'मी ठीक' याचा अर्थ तुमच्या चिठ्ठ्यांसारखाच लावायचा असतो हे आता मला समजलं आहे. मागची खोली रिकामी केली आहे. खात्यातले सहा मीटरवाले रविवारी सायकली घेऊन अंगणात उभे राहायला लागले आहेत, तुमची बहीण एकटी कुठवर पुरणार? महिनाभरासाठी तरी या. चेनसाठी नाही, ती उत्तम आहे हे वर लिहिलंच आहे.

ता. ता. क. हे पत्र तिने वाचलं. न्हाणीघराचा मजकूर काढा म्हणाली, मी काढला नाही. मग म्हणाली की रविवारी पुढच्या दाराची कडी वाजली की ती चहाचं आधण ठेवायची. आता मी कडी फडक्याने पुसली, साबणाने धुतली, राखेने घासली, पण ती वाजत नाही. घरात चहा वेळेवर होत नाही. हा उशीर मात्र सर्वस्वी तुमचा.

ता. ता. ता. क. आल्यावर खालून हाक मारत बसू नका. कडी अजूनही लागत नाही. दार ढकलून सरळ आत या.