न्हाणीत येऊन बसणाऱ्या सासूबाई

सोलापूर,
संक्रांतीचा आठवडा

तीर्थरूप आप्पा यांना धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचं बीपी जाग्यावर आहे का, पिंकीची परीक्षा कशी गेली आणि केळीला यंदा थंडीनं चटका दिला नाही ना, हे सगळं आधीच विचारून घेते, कारण माझी गाडी एकदा सुरू झाली की विचारायचं राहून जातं. इकडं आम्ही दोघं जिवंत आहोत. (हे वाक्य सहज लिहिलेलं नाही, पुढं कळेल.) मोबाईल असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्यालाच "बरं, ठेव" म्हणता आणि मला बोलायचंय पोटभर. इथं शिकणारी तुमची रेश्मा सुट्टीला अकलूजला यायला निघालीच आहे, तिच्याच हाती देते.

आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर सोलरचा बंब आहे, तो तुम्ही वास्तुशांतीला बघितलाय. सोलापूरसारख्या गावात, जिथं ऊन उरून सांडतं, तिथं तो बिघडून पडलाय, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुरुस्तीचा विषय निघाला की कुणीतरी पार्किंगचं भांडण काढतं. म्हणून यंदा थंडी पडल्यावर आमच्या ह्यांनी (पत्रात नाव लिहिलं तर चालतं म्हणतात, तेव्हा उदयसिंहरावांनी) सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून गॅसचा गिझर आणला. आमची न्हाणी केवढी, तर माणूस आत गेला की बादलीनं बाहेर यावं एवढी. गिझर आत भिंतीवर बसला. वर हातभर खिडकी होती, तिच्यात पारवे घरटं करायचे. ह्यांनी तिच्यावर प्लायवूड ठोकलं आणि फटींत जुनं बनियन कोंबलं. एस.टी.तून रिटायर झालेल्या माणसाला घरात काहीतरी ठोकायला मिळालं की बरं वाटतं. मीही म्हटलं, चला, वारं येणार नाही, वाफ आत राहील. झालं. त्यानंतर आमच्या न्हाणीत माझ्या सासूबाई यायला लागल्या.

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (दहाव्याला तुम्हीच जेवणावळीवर उभे होतात.) मी अंगावर पाणी घेत होते, डोळ्यांत साबण. आणि पाठीमागून अगदी कानाजवळ आवाज आला, "वच्छे, सगळं पानी आजच संपिवतीस व्हय?" आवाज त्यांचाच. बोलताना 'स'वर जरा शिट्टी वाजायची, दात पडल्यामुळं, तीसुद्धा वाजली. मी डोळे पुसून बघितलं तर वाफ. नुसती वाफ. पण त्या वाफेत कुणीतरी जागा अडवून उभं आहे, असं अंगाला कळत होतं. गर्दीच्या एस.टी.त मागं कुणी उभं राहिलं की न बघता कळतं, तसं. बाहेर आले तर डोकं ठणकत होतं आणि पायांत गोळे. देवापुढं बसले आणि जप करता करता आकडेच मोजायला लागले.

ह्यांना सांगितलं तर हे हसले. "आई हुती तवा तू घाबरत नव्हतीस, आता कशाला घाबरतीस," म्हणाले. मग एका सकाळी हे स्वतःच डोक्यावर फेस तसाच घेऊन बाहेर आले. तोंड पांढरं. म्हणाले, "पाटावर बसलीय. माझ्याकडं पाठ करून." मी विचारलं, चेहरा बघितला का. तर म्हणाले, "हाक मारली. मान हलली नुसती. तोंड काय फिरवत न्हाय." आप्पा, त्या दिवशी दिवसभर मला पाठ केलेली कुठलीही बाई बघवेना. भाजीवाली वाकून पिशवी भरत होती, तर मी तिच्या समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

शेजारच्या गुरम्मांना सांगितलं. त्या अक्कलकोटकडच्या, अशा बाबतीत त्यांचा शब्द आमच्या मजल्यावर शेवटचा. त्यांनी न्हाणीच्या दारात उभं राहून वास घेतला आणि म्हणाल्या, "अक्का, वास कसलाच न्हाय. म्हणजे माणूस चांगला हाय. जेवू घाला." मग आम्ही न्हाणीच्या उंबऱ्यावर नैवेद्य ठेवायला लागलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याची कवडी. (जिवंतपणी त्यांना चटणी तिखट लागायची, म्हणून मी मुद्दाम कमी तिखट केली. मेल्यावर तरी नाव ठेवायला नको.) ताट तसंच राहायचं. पण सासूबाई काही यायच्या थांबल्या नाहीत.

आणि आता खरी गोष्ट. ह्यांची भीती गेली. भीती गेली ती इतकी, की हे आंघोळीची वाट बघायला लागले. दार लावून आत बसायचे, गरम पाणी चालू, आणि आतून बोलणं ऐकू यायचं. म्हैस, सारवण, शाळेतला मार, धाकटी बहीण वारली ते साल. आई कधी उत्तर द्यायची, कधी नाही. बाहेर आले की ह्यांचं डोकं दुखायचं, एकदा ओकलेसुद्धा, पण चेहऱ्यावर असं समाधान की मला बोलवेना. मला म्हणाले, "आई म्हनली, वच्छीला आमटी अजून जमत न्हाय." मी ठसक्यानं म्हटलं, मग तिकडंच जेवा. पण मी घड्याळ बघायला लागले. आंघोळ रोज जरा जास्त लांबत होती. माणूस माहेरी गेल्यासारखा आत जात होता आणि परत येताना रेंगाळत होता.

मग एका रविवारी मी आधी आंघोळ उरकली आणि संक्रांतीचे तीळ धुऊन गच्चीवर वाळत घालायला गेले. स्वच्छ ऊन, गार वारा, खालच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न. मी तीळ पसरते आहे, आणि शेजारी सासूबाई बोलल्या. "वच्छे, खाली जा." एवढंच. पण आप्पा, तीस वर्षांत त्या माझ्याशी इतक्या हळू कधी बोलल्या नव्हत्या. रागाच्या आवाजाला मी कधी दाद दिली नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या हळू आवाजानं माझ्या हातातलं ताट पडलं.

खाली आले. न्हाणीत पाणी पडत होतं आणि बोलणं थांबलं होतं. हाका मारल्या, दार वाजवलं. गुरम्मांचा मुलगा बसू (गिरणीत मास्तर आहे, अंगानं दांडगा) धावत आला, त्यानं लाथेनं कडी तोडली. हे पाटाला टेकून एका कुशीवर पडले होते. चेहरा लालगुलाबी, लग्नात हळद उतरल्यावर होता तसा. क्षणभर मला वाटलं झोपलेत, काही झालेलंच नाही. बसूनं गॅस बंद केला, ह्यांना गॅलरीत ओढलं आणि रिक्षा आणली.

दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, तर ऑक्सिजन अगदी उत्तम दाखवला. कंपाउंडर म्हणाला, काळजी नको. पण डॉक्टर अंकिता म्हणून एक तरुण मुलगी होती, तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "काकू, तुमचंही डोकं दुखतं का? घरात गॅसचा गिझर आहे का? खिडकी उघडी असते का?" मी म्हटलं, बाई, तुला कुणी सांगितलं. तिनं रक्त तपासायला पाठवलं आणि ह्यांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. मग मला बाकावर बसवून समजावलं. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या न्हाणीत हवा संपत जाते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनच्या जागेवर हा जाऊन बसतो आणि उठत नाही. बोटाच्या चिमट्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तो आकडा फसवा. आणि मेंदूला ऑक्सिजन पुरला नाही की डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला आवाज ऐकू येऊ शकतात, माणसं दिसू शकतात. "आणि काकू, थोडा वेळ आणखी झाला असता, तर," म्हणाली, आणि ह्यांचा मास्क नीट बसवायला उठली.

मी विचारलं, मग गच्चीवर कसा आवाज आला, तिथं तर वारा होता. ती म्हणाली, हा वायू रक्तातून निघायला कित्येक तास लागतात, तुमची आंघोळ नुकतीच झाली होती. मी मान डोलावली. शिकलेली पोर, खरंच सांगत असणार. पण खाली काय चाललंय, हे माझ्या रक्तातल्या वायूला कसं कळलं, ते मी विचारलं नाही. तिच्यामागं आणखी पेशंट होते.

आता हे घरी आहेत. चालतात, जेवतात, मधेच शब्द विसरतात, ते होईल कमी, असं डॉक्टर म्हणाली. गिझर काढला, प्लायवूड काढलं, पारवे परत आले. पाणी मी स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून तापवते. पहिल्या दिवशी हे आंघोळ करून भराभर बाहेर आले आणि पलंगावर बसून राहिले. मी विचारलं, गार होतं का पाणी. म्हणाले, "न्हाय. कुणीच न्हवतं." मी त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या दिवशी आमटी करायचं राहून गेलं.

तर असं सगळं. वहिनींना नमस्कार, पिंकीला तिळगूळ पाठवलाय.

तुमची,
वच्छला

ता. क. आता मुद्द्याचं. परवा वहिनी फोनवर हळूच म्हणाल्या, की तुमच्या न्हाणीतही आमच्यासारखाच गिझर बसलाय, आणि रोज सकाळी आपली गेलेली आई तुम्हाला तिथं भेटते. वहिनींनी खिडकी उघडली तर तुम्ही लावून घेता, आईला वारं लागंल म्हणून. मी लगेच तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "वच्छे, माझ्या आईला गिझर म्हणू नगंस," आणि ठेवलात. म्हणून हे पत्र.

आणखी एक. रेश्माबरोबर ज्ञानबा म्हणून एक प्लंबर आलाय. तुम्ही इथवर वाचेपर्यंत मागच्या दारानं त्याचं काम झालेलं असेल. पत्र एवढं लांबवलं ते त्याच्यासाठी. ठोकल्याचा आवाज आला असेल, तर तो त्याचाच. वहिनींना रागवू नका, रेश्मालाही नाही. राग आला तर माझ्यावर काढा, मी लांब आहे.

शेवटचं. ती माझीही आई होती, आणि माझ्याकडं ती एकदाही आली नाही. गिझर निघाल्यावर, खिडकी उघडी असताना, चांगल्या वाऱ्यात जर ती परत आली, तर आप्पा, मला लगेच कळवा. मी पहिल्या एस.टी.नं येते.